नाशिकमध्ये पाच लाखांत लग्न: खर्च कुठे करावा आणि हात कुठे आखडावा?

प्रश्न: सातपूरची लेक

सर्वांना नमस्कार. माझे लग्न ठरले असून ते नाशिकमध्येच, शक्यतो तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांवर, म्हणजे नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर २०२६ मध्ये व्हावे, अशी दोन्ही घरांची इच्छा आहे. वडील सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे आणि मी एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. माझी बचत आणि वडिलांनी बाजूला ठेवलेली रक्कम मिळून पाच लाख रुपये होतात. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या उरलेल्या पैशाला हात लावायचा नाही आणि कर्जही काढायचे नाही, हे मी घरात स्पष्ट सांगितले आहे. आईवडिलांना ते पटलेही आहे, पण पाहुण्यांची यादी करायला बसले की ठरलेले सगळे मागे पडते.

आमच्याकडची यादी चारशे नावांवर गेली आहे. मुलगा सिन्नरचा आहे. त्यांच्याकडून दीडशे माणसे येतील, असे सांगण्यात आले आहे आणि खर्च अर्धा अर्धा वाटून घेण्याची त्यांची तयारी आहे. मात्र अर्धा कशाचा, हे अजून कोणी बोललेले नाही. गंगापूर रोडवरच्या आणि आडगावकडच्या काही लॉन्सची चौकशी केली, तेव्हा ताटाचा दर साडेतीनशे रुपये आणि लॉनचे भाडे दीड लाखाच्या पुढे सांगितले गेले. सजावट त्यांचीच घ्यावी लागेल, अशी अट त्यात होती. या हिशेबाने कपडे आणि सोने घेण्याआधीच आमचे पैसे संपतात.

हळद आदल्या रात्री कार्यालयातच करावी की घरी, जेवणाचा खर्च कसा आटोक्यात आणावा, पैठणी आणि मंगळसूत्र घेताना काय पाहावे आणि मुख्य म्हणजे कोणाचेही मन न दुखावता यादी कशी कमी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: मखमलाबादकर

ताई, तुमचे मनापासून अभिनंदन. लॉन पाहण्याचे काम तुम्ही काही दिवस थांबवावे, असे मी सुचवतो, कारण माणसांची संख्या ठरल्याशिवाय पाहिलेले प्रत्येक कार्यालय एक तर अपुरे वाटते किंवा परवडत नाही. आमच्या घरातील दोन मुलींची लग्ने याच शहरात झाली आणि गल्लीतल्या अनेक लग्नांची व्यवस्था मी पाहिली आहे. त्यावरून ठामपणे सांगतो की सजावट, पत्रिका आणि बँड यांत कितीही घासाघीस केली तरी यादीतील शंभर नावे कमी केल्याने जेवढे वाचते तेवढे वाचत नाही. तुम्हाला सांगितलेला दर धरला तर शंभर माणसांचे नुसते जेवण ३५ हजार रुपयांचे होते. त्याशिवाय त्या शंभरांसाठी कार्यालय मोठे घ्यावे लागते, खुर्च्या, पाण्याचे जार आणि वाढपी वाढतात, वाहने उभी करायला जास्त जागा लागते आणि टोपी-टॉवेलपासून साड्यांपर्यंतच्या आहेराची खरेदीही त्याच मापाने फुगते.

यादी कमी करताना नावे खोडत बसू नका, कारण प्रत्येक नावावर वाद होईल. आईवडिलांना सोबत घेऊन तीन वेगळे कागद करा. पहिल्या कागदावर ज्यांच्याशिवाय कार्य उभेच राहणार नाही अशी माणसे लिहा: मामा, आत्या, काका, भाऊबंद, आजोळ आणि तुमच्या अगदी जवळच्या मैत्रिणी. दुसऱ्यावर वर्षभरात सुखदुःखाला घरी येणारी माणसे लिहा. तिसऱ्यावर, "त्यांच्याकडच्या लग्नाला आपण गेलो होतो" एवढ्याच कारणाने आलेली नावे लिहा. बहुतेक घरांत तिसरा कागद सर्वांत लांब असतो आणि त्या मंडळींना लग्नाच्या पंगतीला न बोलावता मानाने बोलावण्याची वाट आपल्याकडे आधीपासून आहे. लग्नानंतर घरी सत्यनारायण होतोच, तेव्हा त्यांना तीर्थप्रसादाला आणि नवे जोडपे पाहायला बोलवावे. हे निमंत्रण वडिलांनी स्वतः फोन करून, लग्नाच्या आधीच द्यावे. पत्रिका आली नाही याचे वाईट वाटण्यापूर्वी फोन आलेला असला की माणसे समजून घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता खर्चाच्या वाटणीविषयी, कारण तुमच्या प्रश्नातील सर्वांत नाजूक जागा ती आहे. "अर्धा अर्धा" हा शब्द बैठकीत गोड वाटतो, पण एका बाजूने आतषबाजी ठरवली आणि दुसऱ्या बाजूला तिचा निम्मा भार आला की तोच शब्द भांडणाचे कारण होतो. आपल्याकडे सुपारीच्या वेळी याद, म्हणजे ठरलेल्या गोष्टींचा लेखी कागद, करण्याची पद्धत आहे. पूर्वी तिच्यात देण्याघेण्याच्या मागण्या लिहिल्या जात, तुम्ही तिच्यात खर्चाची विभागणी लिहा. कार्यालय, गुरुजी आणि छायाचित्रकार हे खर्च समान वाटावेत. जेवणाचा खर्च मात्र ज्याची जितकी माणसे त्याने तितक्या ताटांचा द्यावा. कपडे, दागिने, हळद आणि आपापल्या वऱ्हाडाची वाहने ज्याची त्याने करावीत. ताटांप्रमाणे वाटणी लिहिली की दोन्ही घरे आपली यादी आपणहून तपासू लागतात आणि कोणी कोणाला माणसे कमी करा असे सांगावे लागत नाही. कागदावर दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्या माणसाची सही घ्या. यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही, पुढे तोंडी आठवणींवर विसंबावे लागत नाही एवढेच.

माणसे अडीचशेच्या आसपास आली की मोठ्या लॉनची गरजच उरत नाही. एवढी माणसे मोकळ्या लॉनवर विरळ दिसतात आणि ती रिकामी जागा भरून काढण्यासाठी सजावट वाढवावी लागते. शहरात निरनिराळ्या समाजांची मंगल कार्यालये आहेत, ती इतर समाजांनाही बहुधा दिली जातात, तेथे भांडी आणि स्वयंपाकघर मिळते आणि स्वतःचा आचारी आणण्यास सहसा हरकत नसते. कार्यालय पाहताना भाड्याचा आकडा ऐकून परत येऊ नका. वेळ किती तासांची धरली आहे, वीज मीटरवर मोजणार की भाड्यात आहे, जनित्राचे डिझेल कोणाचे, साफसफाई आणि भांड्यांचे वेगळे पैसे आहेत का, अनामत किती आणि ती किती दिवसांत परत मिळते, तारीख रद्द झाल्यास किती रक्कम कापली जाते, आणि सांगितलेल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार आहे का, हे सगळे पावतीवर लिहून घ्या. एक लाखाच्या भाड्यावर शेवटच्या दिवशी अठरा हजार वाढले तर तुमचा छायाचित्रकाराचा निम्मा खर्च तिकडे जातो.

हळद घरीच करा. आदल्या रात्रीसाठी कार्यालय घेतले की आणखी एका वेळचे जेवण, मांडव आणि डीजे हे सगळे त्याच्यामागोमाग येते. घरी सकाळी जात्यावर हळद दळून, घाणा भरून, सुवासिनींच्या ओव्यांमध्ये झालेली हळद मला तरी अधिक आपलीशी वाटते. संध्याकाळी गाणी लावायची असतील तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, हे तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा.

उत्तर: आचाऱ्याची मुलगी

माझे वडील लग्नकार्यातले आचारी होते आणि आता भाऊ ते काम पाहतो, म्हणून फक्त जेवणाविषयी लिहिते.

जेवण देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे केटररला ताटावर काम देणे आणि दुसरा म्हणजे आचाऱ्याला मजुरीवर ठरवून किराणा, भाजी आणि दूध आपण भरणे. दुसऱ्या मार्गाने पैसे निश्चित वाचतात, परंतु त्यासाठी कोठीवर बसणारे एक जबाबदार माणूस घरात हवे, जे साखर, तूप, तेल आणि काजू मोजून देईल आणि उरलेले मोजून परत घेईल. असा काका किंवा मामा तुमच्याकडे असेल तरच या वाटेने जा. नसेल तर वाचलेले पैसे कोठीतूनच निघून जातात आणि वडिलांना मांडवात बसण्याऐवजी दिवसभर तेलाच्या डब्यांमागे धावावे लागते.

आचाऱ्याने दिलेली यादी डोळे झाकून भरू नका. जेवणात पुरी आणि मसालेभात दोन्ही असतील तर शंभर माणसांना आठ ते दहा किलो तांदूळ आणि दहा ते बारा किलो कणीक पुरते. यापेक्षा बरेच जास्त लिहिले असेल तर कारण विचारा. भाजी आदल्या दिवशी पंचवटीतील बाजार समितीच्या आवारातून पहाटे आणली तर किरकोळ भावापेक्षा बरीच स्वस्त पडते. डिसेंबरात वांगी, मटार, मेथी, कोबी आणि गाजर भरपूर येतात, त्यामुळे पदार्थ ठरवताना हंगाम पाहा. त्या दिवसांत पनीरची भाजी ठेवण्यापेक्षा वांगी-बटाट्याचा झणझणीत रस्सा ठेवला तर खर्च कमी होतो आणि आपल्या भागातली माणसे तो पोटभर जेवतात.

ताटावर काम देणार असाल तर दोन गोष्टींकडे लक्ष द्या. केटरर किमान ताटांची हमी मागतो, म्हणजे अडीचशेची हमी दिली आणि दोनशे माणसे आली तरी पैसे अडीचशेचेच द्यावे लागतात. हमी अपेक्षेपेक्षा थोडी कमी द्या आणि वरच्या ताटांचा दर तोच राहील, असे लिहून घ्या. बुफेमध्ये मोजणी वापरलेल्या ताटांवर होते आणि तीच माणसे दुसऱ्यांदा स्वच्छ ताट घेतात, म्हणून मोजणीच्या वेळी घरचा एक माणूस तेथे उभा असला पाहिजे.

माझे स्वतःचे मत पंगतीच्या बाजूचे आहे. अडीचशे माणसे तीन पंगतींत सहज जेवतात, वाढायला घरची तरुण मुले-मुली असली की वाढप्यांची मजुरी वाचते आणि लागेल तेवढेच वाढल्याने पानात अन्न कमी टाकले जाते. ज्येष्ठ माणसांना हातात ताट धरून उभे राहावे लागत नाही, हे मला पैशांहून महत्त्वाचे वाटते. पदार्थ मोजके ठेवा: वरण-भात, मसालेभात, पुरी, रस्सा, मटकीची उसळ, कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठा. एकच गोड ठेवा आणि ते समोर तळलेले, गरम द्या. पाणीपुरी, चायनीज आणि आइस्क्रीमचे वेगळे स्टॉल लावले की माणसे तेथेच पोट भरतात आणि मुख्य जेवण उरते. त्या दोन्हींचे पैसे तुम्हीच भरलेले असतात.

सातपूरची लेक

काका आणि ताई, आपण दोघांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन कागदांची पद्धत काल घरी करून पाहिली आणि तिसरा कागद खरोखरच सर्वांत लांब निघाला. आणखी एक अडचण समोर आली आहे. सिंहस्थात नाशिकमध्ये लग्न करू नये, असे आजी म्हणते आणि सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. यात काही तथ्य आहे का? दागिन्यांबाबत सांगायचे तर आजीच्या पाटल्या आणि बोरमाळ घरात आहेत. त्या मोडून नवीन घडवाव्यात, असे काही जण सुचवतात.

उत्तर: पंचवटीतील भिक्षुक

आजींचे म्हणणे परंपरेला धरून आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी. गुरू सिंह राशीत असताना गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशात विवाह वर्ज्य मानला आहे, अन्यत्र तो दोष सांगितलेला नाही. आपले शहर नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले असल्यामुळे पंचवटी, मखमलाबाद आणि आडगाव हा भाग निषेधात येतो, तर सातपूर, सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड आणि तुमच्या सासरचे सिन्नर हे सर्व दक्षिणेकडे येते. शिवाय गुरू वक्री होऊन जानेवारी २०२७ च्या अखेरीस पुन्हा कर्केत जातो आणि जूनच्या अखेरीपर्यंत तेथेच राहतो. म्हणून आजींच्या मनाला शांतता हवी असेल तर दक्षिण तीरावरचे कार्यालय घ्यावे किंवा माघ-फाल्गुनातला मुहूर्त धरावा. माघात गेल्यास तयारीलाही अधिक वेळ मिळेल. ज्या दिवशी मुहूर्त कमी असतात किंवा जो दिवस कामाचा असतो, त्या दिवशी कार्यालये भाडे कमी करण्यास तयार होतात, हेही ध्यानात ठेवावे. आपल्या कुलाचाराप्रमाणे अंतिम निर्णय घरच्या गुरुजींना विचारूनच करावा आणि दक्षिणा व पूजासाहित्य यांची रक्कम त्यांना आधीच मोकळेपणाने विचारावी. त्यात संकोचण्याचे कारण नाही.

उत्तर: येवलेकर

आमच्या घरात हातमाग आहे, त्यामुळे पैठणीविषयी जे सांगतो ते विणणाऱ्याच्या बाजूने सांगतो, हे लक्षात घेऊन वाचावे.

बाजारात पैठणी म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांपैकी पुष्कळ साड्या यंत्रमागावरच्या किंवा सेमी पैठणी असतात. त्या घेण्यात काहीच कमीपणा नाही. दोन-तीन हजारांत सुरेख साडी मिळते आणि लग्नात ती शोभूनही दिसते. वाईट एवढेच की कधीकधी तीच साडी हातमागाची म्हणून हातमागाच्या भावात विकली जाते. ओळखायचे असेल तर पदर उलटा करून पाहा. हातमागावर पदरातले मोर, पोपट आणि वेलबुट्टी प्रत्येक रंगाचा धागा वेगळा घेऊन हाताने गुंफतात, त्यामुळे पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील, ते कापलेले असतील किंवा त्यांवर जाळी लावलेली असेल तर ती साडी हाताने विणलेली नाही, असे समजा. रेशमाची खात्री करायची असेल तर दुकानदाराला साडीच्या टोकाचा एक धागा जाळून दाखवायला सांगा. अस्सल रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहणारी राख बोटाने चुरते, कृत्रिम धागा मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. सिल्क मार्कचे लेबल पाहावे आणि जरीची तार कोणती आहे, हे बिलावर लिहून घ्यावे.

किंमत पदराच्या कामावर ठरते. साध्या पदराची, मुनिया किंवा नारळी काठाची आणि अंगभर लहान बुट्टी असलेली हातमागाची पैठणी साधारण दहा ते पंधरा हजारांच्या घरात मिळू शकते. पदर मोठा, मोर अधिक आणि अंगभर दाट काम असेल तर तीच किंमत अनेक पटींनी वाढते, कारण विणकराचे कित्येक आठवडे आणि कधी महिने त्या एका साडीत जातात. तुम्ही साधीच घ्या, पण हातमागाची घ्या, असा माझा आग्रह आहे, कारण लग्नानंतर सणावारी तीच साडी पुन्हा पुन्हा नेसली जाते आणि नीट ठेवल्यास पुढच्या पिढीला देता येते. त्याऐवजी स्वागत समारंभासाठी एकदाच वापरला जाणारा महागडा घागरा विकत घेऊ नका. हवाच असेल तर तो भाड्याने मिळतो. विधींसाठी पिवळी अष्टपुत्री बहुतेक घरांत मामाकडून येते, तेव्हा तुमच्या खर्चात एक पैठणी आणि दोन साध्या रेशमी साड्या एवढे पुरेसे आहे. नाशिकहून येवले सुमारे ८० किलोमीटर आहे. बस्त्याची सगळी खरेदी एकत्र करणार असाल तर एक दिवस काढून या, माग चालताना पाहा आणि मग ठरवा.

उत्तर: इंदिरानगरची सून

ताई, आजीची बोरमाळ कृपया मोडू नका. ती स्वच्छ करून, दोरा नवीन घालून लग्नात तशीच घाला. तशी जुनी घडणावळ आता सहजासहजी मिळत नाही. जुना दागिना मोडताना त्यातली लाख, डाग आणि घट वजा होते, नव्या दागिन्यावर पुन्हा मजुरी आणि ३ टक्के जीएसटी लागतो आणि शेवटी हातात येणारे सोने कमीच असते. पाटल्या हातात बसत नसतील किंवा चेपल्या असतील तरच त्यांचा विचार करा आणि मोडण्यापूर्वी वजन व शुद्धता दोन्ही तुमच्यासमोर यंत्रावर तपासून घ्या.

मंगळसूत्र घेताना सराफ बाजारातल्या तीन-चार पेढ्यांवर एकाच वजनाच्या नमुन्याचा भाव लिहून आणा. सोन्याचा दर सगळीकडे जवळपास सारखा असतो, फरक मजुरीत पडतो. कोणी ती ग्रॅममागे सांगतो, कोणी टक्क्यांत, म्हणून तुलना करताना एकूण बिलाची रक्कम विचारा. दागिन्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा, म्हणजे २२ कॅरेटसाठी ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर या ॲपमध्ये तो क्रमांक टाकून दुकानातच खात्री करता येते. खडे आणि काळे मणी सोन्याच्या वजनात धरलेले नाहीत ना, हेही पाहा. विधींसाठी आवश्यक तेवढे सोने घ्या आणि बाकी ठुशी, तोडे, बाजूबंद भाड्याने आणा. छायाचित्रांत कोणालाही फरक कळत नाही.

छायाचित्रण एकाच माणसाकडे द्या, लग्नापूर्वीचे चित्रीकरण आणि ड्रोन वगळा, मात्र सर्व मूळ छायाचित्रे हार्ड डिस्कवर मिळतील, असे लिहून घ्या. छापील पत्रिका देवापुढे ठेवण्यापुरत्या आणि ज्येष्ठांपुरत्या काढा. फुले गणेशवाडीच्या बाजारातून आणा आणि झेंडू-शेवंतीवर भर द्या. माघात लग्न ठरले तर १४ फेब्रुवारीच्या आसपास गुलाबांचे भाव चढलेले असतात, हे विसरू नका.

नातेवाईक "थोडे कर्ज काढा, लग्न एकदाच होते" असे म्हणतील, तेव्हा त्यांना हा हिशेब दाखवा: १४ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी काढलेल्या तीन लाखांच्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे १०,२५० रुपये येतो आणि व्याजापोटी सुमारे ६९ हजार रुपये जातात. संसाराच्या पहिल्या तीन वर्षांत हा हप्ता नसणे ही तुम्ही दोघांनी एकमेकांना दिलेली मोठी भेट ठरेल.

उत्तर: नाशिकरोडची वकील

वरील सल्ल्यांना कायद्याच्या बाजूने थोडी जोड देते. सुपारीच्या यादीत खर्चाची वाटणी लिहिणे योग्यच आहे, पण तिच्यात वरपक्षासाठी रक्कम, वाहन किंवा सोने "मानपान" या नावाखाली येऊ देऊ नका. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ प्रमाणे हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हे आहेत. स्वेच्छेने दिलेल्या भेटींची स्वतंत्र यादी करून तिच्यावर वधू-वरांनी सही करावी, अशी तरतूद १९८५ च्या नियमांत आहे. ती पाळली तर तुमचे स्त्रीधन कोणते, हे कायमचे स्पष्ट राहते.

लग्नानंतर ९० दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात विवाहनोंदणी करून घ्या. वय आणि रहिवासाचे पुरावे, लग्नपत्रिका, छायाचित्रे, तीन साक्षीदार आणि विधी करणाऱ्या गुरुजींची सही लागते, म्हणून अर्जाचा नमुना आधीच आणून गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घ्या.

खर्च आणखी कमी करण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा मार्ग आहे. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते, नोटीस दिल्यानंतर ३० दिवसांनी आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो आणि शुल्क नाममात्र असते. त्यानंतर दोन्ही घरांचे मिळून एक साधे जेवण करता येते. मात्र हिंदू विवाह अधिनियमाखाली केवळ नोंदणी करून, विधी न करता विवाह झाला असे समजू नये. विधींशिवायचे नोंदणी प्रमाणपत्र पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. विधी हवेत पण खर्च आणि आडंबर नको असेल तर महाराष्ट्रात सत्यशोधक विवाहाची परंपरा आहे. महात्मा फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने असा पहिला विवाह १८७३ सालीच लावला होता आणि आजही अनेक कुटुंबे त्या पद्धतीने लग्न करतात.

एक व्यावहारिक सूचना: एका लग्नाच्या कामासाठी कोणाही एका व्यावसायिकाला दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. तशीही प्रत्येक अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्या, म्हणजे वाद झाल्यास पुरावा राहतो.

सातपूरची लेक

सर्वांचे पुन्हा आभार. मुहूर्त माघात धरण्याचे दोन्ही घरांनी जवळजवळ ठरवले आहे आणि रविवारी सुपारीच्या यादीसाठी बैठक आहे. ताटांप्रमाणे वाटणीचा प्रस्ताव मुलानेच आपल्या वडिलांपुढे मांडला आणि त्यांना तो मान्य झाला. सिन्नरहून येणाऱ्या वऱ्हाडासाठी खासगी बस फार महाग सांगत आहेत. त्याला काही पर्याय आहे का?

उत्तर: मखमलाबादकर

एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. सिन्नरच्या आगारात तारीख, ठिकाण आणि जाण्यायेण्याची वेळ सांगून अर्ज द्यावा लागतो. आकारणी किलोमीटरवर होते, पण किमान आकार आणि थांबून राहण्याच्या वेळेचे पैसे धरले जातात, म्हणून ते दर आधी विचारावेत आणि अनामत भरल्याची पावती जपून ठेवावी. सिन्नर ते नाशिक हे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास असल्याने दीडशे माणसांपैकी बरीच आपापल्या वाहनांनी येतील, असे धरून चला. एक बस ज्येष्ठांसाठी आणि मुलाबाळांसाठी पुरेल. लग्नसराईत बसगाड्या लवकर गुंततात, तेव्हा मुहूर्त पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज द्यायला सिन्नरच्या मंडळींना सांगा.